एक काडतूस पुरतं

नोव्हेंबर अर्धा सरत आला की आमच्याकडे सकाळी बंदुकांचे आवाज येतात. ॲन आर्बरच्या बाहेर, बसचा शेवटचा थांबा मागे पडून मक्याची शेतं सुरू होतात, तिथे आमचं घर आहे. मका तोवर कापून झालेला असतो. शेतात नुसते खुंट, त्यांच्यावर गोठून पांढरं झालेलं दहिवर, आणि पलीकडे रानाची काळी कड. हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो त्या दिवशी उजाडता उजाडता त्या कडेतून पहिला आवाज येतो. तो मोठा नसतो. लांब कुठेतरी कुणी जड फळी जमिनीवर आडवी पाडावी, तेवढाच. मग बराच वेळ काहीच येत नाही, आणि आपण चहाचा कप हातात धरून दुसऱ्या आवाजाची वाट बघत उभे राहतो.

पेट्रोल पंपावर कॉफीच्या रांगेत नारिंगी जाकिटं दिसायला लागतात. मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवणारी, अदबशीर माणसं. त्यांची मला कधी भीती वाटली नाही. एखाद्या पिकअपच्या मागून हरणाचा पाय लोंबताना दिसला तर मी नजर वळवते, एवढंच. पण हा हंगाम आला की बेसमेंटच्या दाराशी माझं पाऊल अडतं. आता तिथे काही नाही. कपडे धुवायचं मशीन, सुटकेसी, इराची जुनी सायकल. तरी दार उघडण्याआधी मी कान देते. काय ऐकू येईल असं वाटतं, ते मला सांगता यायचं नाही.

माझा नवरा सुहास विदर्भात, एका दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढला. वडील कारखान्यातच होते. तिथल्या रिकाम्या लाकडी पेट्या लिलावात निघायच्या, आणि वसाहतीतल्या घराघरांत त्याच पेट्यांचं सामान असायचं. चार पेट्या जोडून केलेला दिवाण, एकीत गहू, एकीत गोधड्या, एकीत सासूबाईंच्या कुरडया. सुहास अभ्यासाला बसायचा तीही उभी केलेली पेटीच. त्या लाकडाला एक वास असतो, तेलाचा, मेणकागदाचा, आणि त्याखाली आणखी कशाचा तरी. कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला की बायका हातातलं काम टाकून ओसरीवर येऊन उभ्या राहायच्या, हे सासूबाईंनी मला लग्नानंतर सांगितलं. भाजी निवडता निवडता, पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत हे सांगावं तशा सुरात.

आम्ही हे घर घेतलं त्या उन्हाळ्यात रस्त्यापलीकडच्या रॉयनं आपल्या बार्नमध्ये, शेतावरच्या लाकडी कोठारात, जुन्या वस्तूंची विक्री मांडली होती. रॉय तेव्हा सत्तरी ओलांडलेला. मोटारींच्या कारखान्यात साचे बनवण्यात आयुष्य गेलेलं, बायको वारलेली, गुडघे दुखरे. सुहास तिथे कुदळी-फावडी बघायला गेला आणि एका कोपऱ्यात दोरीच्या कड्यांची लाकडी पेटी बघून थांबला. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे तिच्या कोपऱ्यांचे सांधे होते, आणि बाजूला जाळून उठवलेली अक्षरं. त्यानं झाकण उघडलं आणि सरळ आत तोंड घातलं. रॉय हे बघत होता. "लोक किंमत विचारतात," तो म्हणाला. "वास घेणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय."

मैत्री जमायला एवढं पुरलं.

पहिली पेटी आली तेव्हा मला आवडली होती. तिच्यात आम्ही गणपतीची आरास ठेवली. दुसरीत बर्फातले बूट. मग रॉयनं सुहासला पुठ्ठ्याचे छोटे खोके दाखवले, शंभर वर्षांपूर्वीचे, वर उडणाऱ्या बदकांची चित्रं, लाल-पिवळ्या रंगात वळणदार अक्षरं. चित्रकार कोण ते कुणालाच ठाऊक नाही. विकत घेणाऱ्यानं बंदूक भरायची, खोका फेकून द्यायचा, असाच त्यांचा जन्म. ते टिकले हेच नवल, असं सुहास म्हणायचा. तो दिवसभर कॉम्प्युटरवर ज्या गोष्टी बनवतो त्या दोन वर्षांत जुन्या होऊन पुसल्या जातात. त्याला असल्या टिकलेल्या गोष्टींची ओढ वाटली तर मी त्याला काय म्हणणार होते?

खोक्यांच्या पोटात काडतुसं असायची. सगळ्यांत नव्हे, काहींत. पुढे नुसती काडतुसंही यायला लागली. एकेक सुटं, रॉयनं दिलेलं, जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये वर्षातून एकदा जुन्या काडतुसांचा बाजार भरतो तिथून आणलेलं. रविवारी दुपारी सुहास बेसमेंटमध्ये बसून भिंगातून त्यांच्या बुडावरची इवलीशी अक्षरं वाचायचा, फोटो काढायचा, आणि हौशी लोकांच्या एका वेबसाइटवर टाकायचा. खाली स्वतःचं नाव, गावाचं नाव. बंदूक त्याच्याकडे नव्हती. आयुष्यात त्यानं कधी हातात धरलेली नव्हती. तो खेकडासुद्धा खात नाही.

एकदा मी कपडे वाळवायला टाकायला खाली गेले आणि एक काडतूस उचललं. पितळेवर हिरवट काळपट चढलं होतं. मला वाटलं, चिंच लावून घासलं तर आपल्या निरांजनासारखं लखलखेल. दिसतं त्याहून ते जड असतं. आणि गार. बेसमेंटमधल्या इतर कुठल्याही वस्तूपेक्षा गार. तळहातावर धरलं की आपला हात त्याला गरम करतो आहे हे कळतं, आणि ते नको वाटतं. "घासू नकोस हं," सुहास जिन्यावरून म्हणाला. "घासलं की त्याचं वय जातं." मी ते होतं तिथे ठेवलं आणि साबणानं हात धुतले. दोनदा.

इरा आमची एकुलती मुलगी. इथेच जन्मली. मराठी सगळं कळतं, उत्तरं इंग्रजीत येतात. तिच्या शाळेत आग लागल्याची कवायत होते तशी आणखी एक कवायत होते, कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर काय करायचं याची. बाई दिवे घालवतात, दाराला आतून कुलूप लावतात, आणि मुलं खिडकीतून दिसणार नाहीत अशी भिंतीला टेकून, श्वाससुद्धा हळू घेत बसतात. बालवाडीपासून हे चालू आहे. घरी येऊन ती ते सांगायची तेव्हा डब्यात काय होतं तेही त्याच दमात सांगायची. ती अकरा-बारा वर्षांची असताना एका रविवारी बाबाला हाक मारायला खाली गेली आणि टेबलाशी थांबली.

"आर दीज रिअल?"

"खरी आहेत. पण जुनी आहेत गं," सुहास म्हणाला. "तुझ्या पणजोबांच्या वेळची."

इरानं थोडा वेळ बघितलं. "डू दे नो दॅट?" तिनं विचारलं.

सुहास हसला. मला हसू आलं नाही. त्यांना माहीत आहे का, की ती जुनी झाली आहेत? मी पुढे कितीदा तरी हा प्रश्न मनात फिरवला आहे. लाकूड जुनं होतं तेव्हा हलकं होतं, कागद जुना होतो तेव्हा पिवळा पडतो, माणूस जुना होतो तेव्हा विसरतो. बंद पितळेतली दारू मात्र नुसती बसून राहते. तिच्यावरून शंभर हिवाळे जातात आणि तिला कुणी सांगत नाही, की ज्याच्यासाठी तुला भरलं तो गेला, ज्याच्यावर झाडणार होते तोही गेला.

बेसमेंटच्या दाराशी ज्याच्यामुळे माझं पाऊल अडतं, तो हंगाम त्याच वर्षीचा. त्या शरद ऋतूत आमच्या ग्रीन कार्डाचा नंबर लागला. इराच्या जन्माआधीपासून आम्ही रांगेत होतो. व्हिसा वाढवून घ्यायचा, वाट बघायची, पुन्हा वाढवायचा. नंबर लागला त्या संध्याकाळी मी शिरा केला. दिवाळीला पार्सिपनीहून प्रसाद आणि त्याची बायको आले. प्रसाद सुहासचा इंजिनीअरिंगचा मित्र, विदर्भातलाच, नागपूरचा, व्हिसाचे नियम तोंडपाठ असलेला. जेवणानंतर सुहास त्याला संग्रह दाखवायला खाली घेऊन गेला. मी फराळाच्या बशा घेऊन मागून जात होते. जिन्याच्या वरच्या पायरीवर इरा बसली होती, तिला ओलांडून.

प्रसाद टेबलाशी उभा होता. त्यानं हात पाठीमागे बांधले होते.

"यार, तू अजून एच-वनवरच आहेस ना?"

"हो. का रे?"

"मग हे तुझ्याकडे कसं?"

"कसं म्हणजे? विकत घेतलं. गिफ्ट मिळालं. बंदूक कुठे आहे माझ्याकडे?"

"बंदूक लागत नाही," प्रसाद म्हणाला. तो आवाज खाली आणून बोलत होता, म्हणून मला जास्त ऐकू आलं. "व्हिसावरच्या माणसाला काडतूसही ठेवता येत नाही. एक काडतूस पुरतं, सुहास."

वर प्रसादची बायको मोबाइलवर कुणाला तरी दिवाळीच्या शुभेच्छा देत होती. मी बशा घेऊन तशीच परत फिरले. पायरीवर इरा नव्हती.

वकीलबाईंना सुहासनं सोमवारी फोन केला. ग्रीन कार्डाचं सगळं त्याच बघत. त्यांनी आधी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, किती आहेत ते मला सांगू नका. प्रसाद म्हणाला ते खरं होतं. फार जुन्या काही काडतुसांना कदाचित सूट असेल, पण कुठल्या ते कोर्टात ठरतं, आणि तुम्हाला त्या कोर्टात उभं राहायचं नाही. शिकारीचा परवाना काढलेला असता तर गोष्ट वेगळी होती, असंही त्या म्हणाल्या. सुहासनं फोन स्पीकरवर ठेवला होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं. हरीण मारायची परवानगी मागितलेल्या माणसाला चालतं. नुसतं बघत बसणाऱ्याला नाही.

"मग मी टाकून देतो," सुहास म्हणाला.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या. "कचऱ्यात नको. गाडीत तर मुळीच नको. गाडीत सापडलं तर मला काही करता येणार नाही. ज्याला कायद्यानं ठेवता येतं असा माणूस शोधा. तो येऊन घेऊन जाईल तेव्हा तुम्ही घरात असू नका." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "याचे फोटो वगैरे कुठे नाहीत ना?"

सुहासनं डोळे मिटले.

त्यानं वेबसाइटवरचं सगळं पुसलं. पण पुसल्यानं जातं का, हे आमच्या घरात त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. आठवतं ते असं, की आमच्या आडरस्त्यावरून सरकारी पांढरी गाडी गेली की आम्ही दोघं एकाच वेळी बोलायचं थांबायचो. ग्रीन कार्डासाठी बोटांचे ठसे द्यायला गेलो तेव्हा सुहासच्या बोटांना इतका घाम आला होता, की काचेवर ठसा उमटेना. तिथली मुलगी हसून म्हणाली, रिलॅक्स, सगळ्यांचं असंच होतं. तिनं टिश्यू पेपरनं त्याची बोटं एकेक करून पुसली. गाडीत बसल्यावर सुहास म्हणाला, "मीनल, याच बोटांनी मी ती सगळी हाताळलीयेत." मी त्याला गाडी सुरू कर म्हटलं.

मग घर गरम ठेवणारा फर्नेस बंद पडला. थंडीची पहिली लाट आली होती, खिडक्यांना आतून बर्फाची नक्षी धरत होती, आणि फर्नेस होता बेसमेंटमध्ये, सुहासच्या टेबलापासून हाताच्या अंतरावर. दुरुस्तीला माणूस बोलवायचा तर तो खाली जाणार. सगळं चादरीनं झाकावं असं मी म्हटलं. "चादर टाकायची तरी हात लागेल," सुहास म्हणाला. तो इतका घाबरला होता, की त्याला झाकणं आणि लपवणं यांत फरक दिसत नव्हता. खरं तर मलाही दिसत नव्हता. आम्ही दोन छोटे विजेचे हीटर आणले आणि तिघं एका खोलीत झोपायला लागलो. स्वयंपाकघरात मी हातमोजे घालून कणीक काढायची. तेल थिजलेलं असायचं.

"व्हाय डोंट वी जस्ट कॉल समवन?" इरानं एकदा विचारलं. कोट घालून ती गणितं सोडवत होती.

"बोलावू. बाबा बिझी आहे जरा."

"आई." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "मी कोणाला टेल नाही करणार."

"काय?"

"बेसमेंटचं." मग इंग्रजीत तिनं सांगितलं. शाळेत कवायतीनंतर समुपदेशक बाई वर्गात येतात. घरात कशाची भीती वाटते का, वाटत असेल तर येऊन मला सांगा, म्हणतात. गेल्या महिन्यातही आल्या होत्या. "आय ऑलरेडी डिडन्ट," इरा म्हणाली, आणि पुन्हा गणिताकडे वळली.

घरातली भीती बाहेर सांगायची नाही, हे आम्ही तिला कधीच शिकवलं नव्हतं. ती आपली आपण शिकली होती, आमचे चेहरे बघून. त्या थंडीत मला खरी थंडी तेव्हा वाजली.

रॉयला सांगायला सुहासचा पाय निघेना. त्यानंच प्रेमानं दिलेली वस्तू गुन्हा ठरली, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? शिवाय निवडणुकांच्या दिवसांत रॉयच्या अंगणात पाट्या लागायच्या. त्या पाट्यांवरच्या माणसांची आमच्यासारख्यांबद्दलची मतं आम्हाला ठाऊक होती. त्या विषयावर आम्ही कधी बोललो नव्हतो. आम्ही काडतुसांच्या अक्षरांवर बोलायचो, माझ्या हातच्या लिंबाच्या लोणच्यावर बोलायचो. आता सांगितलं तर त्याच्या मनात काय येईल, तो कुणाला फोन करेल, याचा अंदाज येत नव्हता. शेवटी मीच रस्ता ओलांडला.

रॉय सरपण रचत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यानं हातातलं लाकूड खाली ठेवलं नाही.

"मी दिली त्याला ती," तो म्हणाला.

"हो."

"सुहासनं काही केलंय का? चोरी, मारामारी?"

"नाही. तो फक्त इथला नाहीये."

रॉय माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे फिकट निळे, थंडीनं पाणावलेले. त्या पाण्याकडे बघून काहीही कळेना. मला वाटलं, झालं. मग त्यानं लाकूड ढिगावर ठेवलं, नीट, फट न ठेवता. "हंगाम उघडेल त्या दिवशी सकाळी येतो," तो म्हणाला. "सगळे रानात असतात तेव्हा."

त्या सकाळी सुहास अंधार असतानाच शहरातल्या लायब्ररीकडे निघून गेला. ती उघडायला वेळ होता. तो पार्किंगमध्ये बसून राहिला. रॉय पिकअप घेऊन आला. रानातून आवाज सुरू झाले होते. एक, मग बराच वेळ काही नाही, मग लागोपाठ दोन. रॉय खाली उतरला, त्यानं टेबलाकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. मग एकेक काडतूस उचलून तो लाकडी पेटीत कागदाच्या घड्यांमध्ये निजवायला लागला. त्याची बोटं जाड, वाकडी, पण एकाही पितळेचा दुसरीवर आवाज झाला नाही. मी भिंतीशी हात बांधून उभी होते. वकीलबाईंनी मलाही बजावलं होतं. मीसुद्धा व्हिसावरच.

पेट्या जड होत्या. दुखऱ्या गुडघ्यांचा म्हातारा माणूस एकेक पेटी छातीशी धरून जिना चढत होता, मध्येच थांबून धापा टाकत होता, आणि मी, जिनं आयुष्यात कुणा वडीलधाऱ्याच्या हातात जड पिशवी राहू दिली नाही ती, हात काखेत दाबून बघत होते. रिकाम्या पेट्या मी उचलल्या. गणपतीची आरास जमिनीवर काढून ठेवून तीही पेटी दिली. भरलेल्यांना मला हात लावता येत नव्हता. शेवटच्या फेरीला रॉयचा गुडघा मुडपला. तो जिन्यातच बसला, आणि बदकाच्या चित्राचा एक खोका त्याच्या शेजारच्या पायरीवर राहिला.

वर दारात इरा उभी होती, शाळेची बॅग पाठीवर.

"मी कॅरी करते," ती म्हणाली. "मला अलाउड आहे ना? आय वॉज बॉर्न हिअर."

"इरा, नको."

पण ती उतरून आली होती. तिनं तो खोका दोन्ही हातांनी उचलला, गरम आमटीचं पातेलं धरावं तसा अंगापासून लांब. ज्या वस्तूच्या भीतीनं तिला वर्षानुवर्षं अंधाऱ्या वर्गात भिंतीला टेकवून बसवलं होतं, ती वस्तू आमच्या घरात कायद्यानं उचलू शकणारं माणूस एकच होतं. ती बाहेर गेली. जाळीचं दार मागे हळूच मिटलं. रॉयनं चेहऱ्यावरून हात फिरवला आणि कठड्याला धरून उठला.

तो निघाल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहिलो. रॉयला पेट्या थेट घरी न्यायच्या नव्हत्या. पलीकडच्या गावातल्या एका जुन्या संग्राहकाकडे तो त्या ठेवणार होता. झाडं निष्पर्ण झाल्यावर आमच्या खिडकीतून पार चौकापर्यंतचा रस्ता दिसतो. पिकअप चौकात थांबली. मागून शेरीफच्या माणसाची गाडी आली, आणि तिचे लाल-निळे दिवे सुरू झाले.

इराचा हात माझ्या हातात कधी आला कळलं नाही.

तो माणूस उतरला. सावकाश चालत पिकअपच्या मागच्या भागाशी आला. ताडपत्रीचं टोक त्यानं उचललं, आत बघितलं, सोडून दिलं. मग रॉयच्या खिडकीशी वाकून बोलायला लागला. शेतावरून वाऱ्याचा आवाज येत होता, त्यांचे शब्द येणं शक्यच नव्हतं. मला फक्त त्या माणसाची पाठ दिसत होती. बराच वेळ तो वाकलेला होता. मग ती पाठ हलायला लागली. तो हसत होता. त्यानं पिकअपच्या टपावर दोनदा थाप मारली आणि तो आपल्या गाडीत जाऊन बसला.

रॉयनं नंतर सांगितलं. मागचा एक दिवा बंद होता, आणि तो पोरगा त्याच्या चुलतभावाचा नातू निघाला. पेट्या बघून म्हणाला, काका, छान आहेत, विकणार का?

तीच पितळ, तेच लाकूड. चौकाच्या त्या टोकाला हौस होती. आमच्या खिडकीपाशी पणाला लागली होती इराची शाळा, घर, सुहासची नोकरी, माझं लॅबमधलं काम, सगळंच. मधे नुसतं कापलेलं शेत.

त्याच दुपारी फर्नेसवाला आला. एवढे दिवस का थांबलात, म्हणून त्यानं विचारलं. जमिनीवरच्या जाळ्यांतून पहिली गरम हवा आली तिला जळक्या धुळीचा वास होता. सुहास खाली जाऊन आला. टेबलावर धुळीत चौकोन उमटले होते, म्हणाला. मी ते पुसून काढले.

कार्ड पुढच्या वर्षी आलं. आता सुहासला काडतूसच काय, बंदूकही ठेवता येते. रॉयनं फोन केला होता, तुझं सामान घेऊन जा म्हणून. सुहास गेला, चहाला बसला, बार्नमध्ये पेट्यांसमोर उभा राहिला, आणि हात हलवत परत आला. "हातच पुढे होईना," म्हणाला. अजूनही मागे पोलिसांची गाडी आली की तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवतो आणि बोलायचं थांबतो. रॉय आता मुलीकडे राहायला गेला आहे. बार्नचं दार बंद असतं. कार्डानं आम्हाला राहू दिलं. भीतीला जायला मात्र कुणी सांगितलं नाही.

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. गेल्या आठवड्यात किराणा दुकानात मला जेन भेटली, इराच्या मैत्रिणीची, क्लोईची आई. कांद्यांच्या ढिगाशी उभ्या राहून आम्ही मुलींच्या ड्रायव्हिंगबद्दल बोललो. दोघी आता सोळा वर्षांच्या आहेत. निघताना जेननं माझ्या दंडावर हात ठेवला.

"मी हे कधी बोलले नाही, कारण तिनं बोलू नको म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण तुमचं सगळं नीट झालं याचा मला फार आनंद झाला होता. आम्ही वरची छोटी खोली तयार करून ठेवली होती."

मला कळलं नाही. मग तिनं सांगितलं. त्या नोव्हेंबरात इरा एके दिवशी शाळेतून परस्पर त्यांच्याकडे गेली. क्लोईला बाहेर पाठवलं, आणि जेनला विचारलं, माझ्या आईबाबांना जावं लागलं तर शाळा पूर्ण होईपर्यंत मी तुमच्याकडे राहू शकते का? मी भांडी घासते, आणि मला फार जागा लागत नाही. का जावं लागेल ते तिनं सांगितलं नाही. जेननं विचारलंही नाही. तिनं हो म्हटलं.

मी कांदे तसेच ठेवून गाडीत जाऊन बसले. नारिंगी जाकिटातला एक माणूस माझ्यासाठी दार धरून उभा होता, त्याला थँक्यू म्हणाले की नाही तेही आठवत नाही. बारा वर्षांची मुलगी. आम्ही शेजारच्या खोलीत कुजबुजत होतो आणि तिनं स्वतःची सोय लावली होती, एकटीनं, आमच्याशिवायच्या घराची.

घरी आले तेव्हा इरा टेबलाशी वरणभात खात होती, फोन बघत. मी तिच्यासमोर बसले. खूप काही विचारायचं होतं. जे तोंडातून आलं ते भलतंच होतं.

"जेनकडच्या त्या खोलीतून," मी म्हटलं, "आपलं घर दिसतं का गं?"

तिनं फोन खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मला कुणी सांगितलं, कधी, काहीच विचारलं नाही.

"नो," ती म्हणाली. "आय चेक्ड."